‘लैंगिक हक्क’ हा शब्द नव्हता तेव्हा: सोलापूर १९२९, मुंबई १९३४

गेल्या महिन्यात पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने तिचा संशोधन आराखडा मला वाचायला दिला. विषय चांगला होता: लैंगिक हक्क आणि मानवी हक्क. पण पहिलंच वाक्य असं होतं: ‘लैंगिक हक्क ही संकल्पना १९९४ च्या कैरो परिषदेत जन्माला आली व तेथून भारतात आली.’ मी तिला विचारलं, कैरोच्या जाहीरनाम्यात हा शब्द तू स्वतः शोधलास का? नव्हता शोधला. तुम्हीही शोधून पाहा. कैरोत ‘प्रजनन हक्क’ मंजूर झाले. दुसऱ्या वर्षी बीजिंगच्या महिला परिषदेत लैंगिकतेबाबत जबरदस्तीशिवाय, मोकळेपणाने निर्णय घेण्याचा स्त्रियांचा हक्क ९६ व्या परिच्छेदात आला. पण ‘लैंगिक हक्क’ हा जोडशब्द वाटाघाटींमध्ये गळाला, अंतिम मजकुरात तो नाहीच.

म्हणजे शब्दाचा इतिहास काढायचा म्हटला तरी ते वाक्य चुकलं. आणि शब्दाचा इतिहास म्हणजे गोष्टीचा इतिहास नव्हे. विज्ञानातून इतिहासाकडे आलेल्या माझ्यासारख्यांचा हा नेहमीचा घोटाळा. आपल्याला वाटतं, व्याख्या आधी आणि घटना नंतर. इथे उलट आहे. माणसं आधी भांडतात, तुरुंगाची तयारी ठेवतात, दंड भरतात. त्या भांडणाला नाव पन्नास-साठ वर्षांनी मिळतं.

जागतिक आरोग्य संघटना आज जे सांगते ते साध्या मराठीत असं: आधीपासून मान्य असलेले मानवी हक्क लैंगिकतेला लावले की लैंगिक हक्क होतात. शरीरसंबंधात जबरदस्ती नसणं, माहिती मिळणं, जोडीदार निवडता येणं, मूल हवं की नको आणि कधी हे ठरवता येणं. आता या कसोट्या हातात घेऊन आपण मराठी मुलखात मागे जाऊ. सोलापूर वाटेत लागेलच.

रखमाबाईंचा नकार

पहिला थांबा मुंबई उच्च न्यायालय, १८८४. दादाजी भिकाजी या गृहस्थाने पत्नी रखमाबाईविरुद्ध दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या. त्या सासरी नांदायला कधी गेल्याच नव्हत्या. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. दावा कशाचा? ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा’. म्हणजे बायकोने येऊन माझ्याबरोबर राहावं, असा हुकूम कोर्टाने द्यावा.

इथे ‘हक्क’ हा शब्द आहे, पण तो नवऱ्याचा आहे. आणि ज्यांना लैंगिक हक्क ही पाश्चात्य आयात वाटते त्यांनी इथे जरा थांबावं. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की हा दाव्याचा प्रकारच हिंदू कायद्यात नाही, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे. रखमाबाईंवर जी सक्ती होऊ घातली होती, ती कायद्याच्या भाषेत परदेशी होती! परंपरेच्या नावाने दादाजींची बाजू घेणारे, त्यांत टिळकही आले, एका इंग्रजी हत्याराचा बचाव करत होते. त्यातली आणखी एक गंमत म्हणजे, असा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने स्वतः १८८४ मध्ये काढून टाकली होती. इथे मात्र ती चालू राहिली.

अपिलात प्रकरण फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्याआधी ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची बालविवाहावरची पत्रं गाजली होती. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. या खटल्यावर सुधीर चंद्र यांचं इंग्रजी पुस्तक आहे, ते जरूर वाचा.

खटला गाजत असताना ‘संमतिवय’ हा शब्द घराघरांत पोचला. १८९१ मध्ये मुलींचं संमतिवय दहावरून बारा केलं गेलं. बारा! आणि त्यावरही महाराष्ट्र पेटला. पण रखमाबाईंचा मुद्दा वयाचा नव्हता. त्या तेव्हा विशीत होत्या. त्यांचा मुद्दा होता की मी या लग्नाला संमती दिलेलीच नाही. वयाचा मुद्दा सरकारला पेलला. संमतीचा पेलला नाही.

सोलापूर, १९२९

आता सोलापूर. तेव्हा हे गिरण्यांचं शहर. भोंगे, चाळी, तेलुगू पद्मशाली विणकर, कानडी-मराठी मिसळलेली बोली, आणि गिरणीत उभं राहून काम करणाऱ्या बायका. १९२९ साली या गावात एक संस्था निघाली: ‘शोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी’. तिच्याशी जोडलेलं मोठं नाव म्हणजे डॉ. ए. पी. पिल्लई. भारतातल्या संततिनियमनाच्या चळवळीच्या इतिहासात सोलापूरचं नाव येतं ते या संस्थेमुळे. इथल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असेल.

पिल्लई पुढे मुंबईत गेले. १९३४ मध्ये त्यांनी ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. त्याचे अंक अमेरिकेत पोचले तेव्हा तिथल्या कस्टम्सने अडवले आणि प्रकरण १९३८ मध्ये अपील न्यायालयात गेलं. पात्र व्यक्तींना असा मजकूर मागवता येतो, असा निकाल लागला. स्वातंत्र्यानंतर पिल्लईंनी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ चालवलं. अर्न्स्ट ग्राफेनबर्ग यांचा १९५० चा स्त्रीच्या कामतृप्तीवरचा शोधनिबंध, ज्यावरून पुढे ‘जी-स्पॉट’ हे नाव पडलं, तो याच मुंबईच्या नियतकालिकात छापला गेला. ज्ञान नेहमी तिकडून इकडे वाहतं, हा समज सोडायला एवढं उदाहरण पुरे.

पण संस्थेचं नाव परत वाचा. युजेनिक्स. मराठीत तेव्हा याला सुप्रजाजनन म्हणत. चांगली प्रजा जन्माला यावी, ‘निकृष्ट’ प्रजा कमी व्हावी. साधनं तीच, गर्भनिरोधाची. पण ती कोणासाठी आणि कशासाठी? सुप्रजाजननाच्या भाषेत गिरणीतली बाई ही हक्क मागणारी व्यक्ती नसते. तिची कूस हा समाजाचा प्रश्न असतो. ती गरीब आहे, तिला जास्त मुलं होतात, म्हणून तिला शिकवायचं.

याच १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या काळात रजा आणि पैसे. या विधेयकाला जुलै १९२८ मध्ये कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. तेच साल, तोच इलाखा, तीच गिरणीतली बाई. एका कागदावर ती हक्कदार आहे, दुसऱ्या कागदावर प्रजेची गुणवत्ता ठरवणारं साधन. तुम्ही सोलापूरवर काम करणार असाल तर हे दोन कागद शेजारी ठेवा. मला तरी यात एक अख्खा प्रबंध दिसतो.

पिल्लईंना खलनायक करू नका, हेही सांगते. त्या काळात युजेनिक्स हे ‘पुढारलेल्या’ लोकांचं शास्त्र होतं, जगभर. मार्गारेट सँगरसुद्धा त्यातून सुटल्या नव्हत्या. पण म्हणून त्यांना आजच्या हक्कांचे आद्य प्रवर्तकही करू नका. दोन्ही मोह सारखेच घातक, आणि मुलाखतीत परीक्षक नेमके त्यावरच बोट ठेवतात.

कर्वे, आंबेडकर आणि वाचकांची पत्रं

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असतं, बहुतेक ‘ध्यासपर्व’ सिनेमामुळे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. कॉलेजला हे झेपेना, आणि नोकरी की केंद्र असा प्रश्न आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. १५ जुलै १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पैसा नाही, जाहिराती नाहीत, नातेवाईक आणि विद्वान तोंड फिरवतात, आणि पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या. ही कहाणी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला दुसऱ्या गोष्टीकडे न्यायचंय.

संततिनियमनाची बाजू तेव्हा बरेच जण घेत होते. कारणं ठरलेली: लोकसंख्या, गरिबी, मातेचं आरोग्य, सुप्रजा. कर्व्यांनीही ही कारणं दिली, आणि सुप्रजेची भाषा त्यांच्याकडेही सापडते. पण ते एक पाऊल पुढे गेले, आणि तिथेच सगळे बिथरले. कामसुख ही वाईट गोष्ट नाही, ते स्त्रीलाही हवं असतं, तिचा त्यावर तितकाच हक्क आहे. मूल नको असतानाही संबंध हवा असणं यात पाप नाही. आता इथे राष्ट्र नाही, वंश नाही, समाजाचं भलंही नाही. नुसता माणूस आहे. तुम्ही म्हणाल, मासिकाचं नाव तर ‘समाजस्वास्थ्य’. हो. हा विरोधाभास लक्षात ठेवा, तो त्या काळाचाच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला गांधीजी. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. गांधीजींना स्त्रीचा नकाराचा हक्क पूर्ण मान्य होता. बायकोने नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावं, असं ते सांगत. पण साधनं नकोत, संयम हवा. स्त्रीच्या ‘नाही’ला तिथे जागा आहे, ‘हो’ला नाही. कर्व्यांनी ‘हो’ला जागा दिली. माझ्या मते मराठीत या विषयाची खरी कोंडी तिथे फुटली.

मासिकात वाचकांची पत्रं यायची आणि कर्वे नावाशिवाय उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनाने क्षय होतो का? पहिल्या रात्री काय करायचं? मला पुरुषांचंच आकर्षण वाटतं, हा रोग आहे का? ही पत्रं म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना घबाड आहे. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी त्यांवर २०१७ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये लेख लिहिला. त्यांच्या लेखाचं नावच सांगतं की हा मुख्यतः मध्यमवर्गीय पुरुषांच्या चिंतांचा दस्तऐवज आहे. स्त्रीच्या हक्काची बाजू मांडणाऱ्या मासिकाची टपालपेटी पुरुषांनी भरलेली. बायका वाचत नव्हत्या का? की पत्र टाकायला पोस्टात कोण जाणार, हा प्रश्न होता? तुमच्या साधनसामग्रीत कोण बोलत नाही, याची नोंद पहिल्याच प्रकरणात करा.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा. या वेळी आक्षेप गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांवर होता, हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या. कलम तेच, भारतीय दंड संहितेचं २९२. आणि या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर.

तारखा पाहा. दोन वर्षांपूर्वी पुणे करार झालेला, बाबासाहेब गोलमेज परिषदांमधून आलेले, देशभरातल्या राजकारणात गुंतलेले. अशा वेळी एका कफल्लक संपादकाचा, सगळ्यांनी ओवाळून टाकलेला खटला ते घेतात. युक्तिवादाचा जो गाभा सांगितला जातो तो असा: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. वाचक प्रश्न विचारतात, तर ज्ञानाने उत्तर द्यायचं की गप्प बसायचं? विकृतीची भीती असेल तर तिच्यावर उपाय ज्ञानच आहे. समलिंगी आकर्षणाबद्दल हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांचं लेखन पुढे ठेवून, ज्यांचा कल नैसर्गिकच तसा आहे त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळवण्याचा हक्क आहे, असा मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात.

या खटल्यातली वाक्यं आज समाजमाध्यमांवर अवतरणचिन्हांत फिरतात. त्यांतलं एकही वाक्य प्रबंधात टाकण्याआधी ते मूळ कुठल्या कागदावर आहे, हे पाहा. कोर्टाचा कागद, तेव्हाचं वर्तमानपत्र, स्वतः कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’त दिलेला वृत्तांत आणि नंतरच्या चरित्रकाराचं कथन या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकातला संवाद ही पाचवी. य. दि. फडके यांचं कर्व्यांवरचं पुस्तक सुरुवातीला घ्या, पण तिथे थांबू नका.

निकाल विरोधात गेला. एप्रिल १९३४ मध्ये कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हरलेला खटला आहे, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकांत त्याला स्थान नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाच्या खटल्यात प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलं तेव्हा, मुंबईच्या त्या कोर्टात हरलेली बाजू जिंकली. दोन्हींमध्ये थेट धागा आहे असं मात्र लिहू नका. सिद्ध करता येणार नाही.

१९३८ चं आणखी एक पान. १० नोव्हेंबरला मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधनं लोकांना उपलब्ध करून द्यावीत, असा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं. त्यात गरिबीचा मुद्दा आहे, देशाच्या प्रगतीचा आहे, प्रजेच्या सुदृढतेचाही आहे. पण मधेच भाषण एका वेगळ्याच ठिकाणी जातं: बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कोणी तयार झालं नसतं, आणि बाईला नको असेल तेव्हा गर्भधारणा टाळण्याची मोकळीक तिला हवी, निर्णय तिचा. त्या सभागृहात असं बोलणं ऐकायची सवय कोणाला असणार! ठराव मोठ्या फरकाने पडला.

हक्क झाला, आणि त्याचं काय झालं

पुढचा भाग जगात घडतो, पण तो परत महाराष्ट्रातच येऊन आदळतो, म्हणून थोडक्यात.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ आलं, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. सोळावं कलम म्हणतं, लग्न दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्या १९५५ मध्ये गेल्या.

१९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असं करणारा जगातला पहिला देश. १९६८ मध्ये तेहरानच्या मानवी हक्क परिषदेने सांगितलं की मुलं किती आणि किती अंतराने हे मोकळेपणाने व जबाबदारीने ठरवणं हा आईबापांचा मूलभूत हक्क आहे. म्हणजे कर्वे जे मागत होते त्यातलं साधनांचं सगळं मिळालं म्हणायचं. सरकार दारात येऊन साधनं देत होतं. आणि आठ वर्षांनी, आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पण देशभर त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि सक्ती किती झाली ते शहा आयोगासमोर आलं.

कर्व्यांच्या मुंबईतून हे विधेयक निघालं! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी दोन दिवस या मुद्द्यावर काही लिहू शकले नाही. मग १९२९ च्या सोलापूरच्या पाटीवरचा शब्द परत आठवला. साधन तेच असतं. गर्भनिरोध बाईच्या हातात दिला तर तो तिचा हक्क, आणि लोकसंख्येच्या आकड्यासाठी तिच्यावर लादला तर ती सक्तीच, मग ती नवऱ्याने केलेली असो, वंशाच्या भल्यासाठी असो की राष्ट्राच्या. १९७६ च्या सक्तीचे बळी मुख्यतः पुरुष होते, हेही विसरू नका. कैरोला १९९४ मध्ये जगभरच्या स्त्री-संघटनांनी ‘लोकसंख्येची उद्दिष्टं नकोत, व्यक्तीचे हक्क हवेत’ असा जो धोशा लावला, त्याच्या मागे भारतासारख्या देशांतला हा अनुभव होता. माझ्या मैत्रिणीचं वाक्य इथे अगदी उलटं होतं: कैरोतून कल्पना भारतात आली एवढं पुरेसं नाही, भारतातल्या जखमाही कैरोला गेल्या होत्या.

आज कुठे आहोत? माहितीच्या बाबतीत, शाळेत लैंगिक शिक्षण म्हटलं की अजून आवाज खाली येतो. निर्णयाच्या बाबतीत न्यायालयं बरीच पुढे आली: २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रजननाचा निर्णय हा स्त्रीच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग मानला, २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात विवाहित-अविवाहित भेद चालणार नाही असं म्हटलं.

आणि नकाराच्या बाबतीत? हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९ उघडा. शीर्षक वाचा: वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. दादाजींचा दावा अजून पुस्तकात आहे. फरक एवढाच की आता बायकोही तो लावू शकते आणि हुकूम मोडला तर तुरुंग नाही. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ६३ व्या कलमातही अपवाद कायम आहे: पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार नाही. १८९१ मध्ये वयाचा मुद्दा पेलला आणि संमतीचा पेलला नाही, असं मी वर लिहिलं. वय बाराचं अठरा झालं.

आता कामाचं. या विषयावर शोधायला बसाल तर शोधखिडकीत ‘लैंगिक हक्क’ टाकून १९४० च्या आधीचं काही हाती लागणार नाही. शब्द तेव्हाचे टाका: संततिनियमन, सुप्रजाजनन, संमतिवय, ब्रह्मचर्य, कामशास्त्र, गुप्तरोग. शिव्याही टाका, उदाहरणार्थ स्वैराचार. विरोधकांचे लेख त्या शब्दाखाली सापडतात आणि ते जास्त बोलके असतात. इंग्रजी कागदांत सोलापूरचं स्पेलिंग वेगळं आहे, तिथे ‘शोलापूर’ शोधा, नाहीतर अर्धं साहित्य निसटेल. ब्रिटिश युजेनिक्स सोसायटीचे कागद लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत, त्यातल्या भारताशी झालेल्या पत्रव्यवहाराची सूची घरबसल्या चाळता येते.

मैत्रिणीने पहिलं वाक्य काढून टाकलं. आराखडा आता १९२९ पासून सुरू होतो आणि त्याला सोलापूरचं नाव आहे. मुलाखतीनंतर ती मुंबईच्या अभिलेखागारात जाणार आहे. ओळखपत्र, गाइडचं पत्र आणि पेन्सिल घेऊन जा, आत शाईचं पेन नेऊ देत नाहीत, एवढं तिला सांगून ठेवलंय.